तिन्ही उड्या क्युबाच्या, झेंडे परके

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्युबाचा क्रीडाप्रयोग संपला, असं हल्ली बरेच जण म्हणतात. पदकतक्ता त्यांच्याच बाजूने आहे. १९९२ साली बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये १४ सुवर्णांसह ३१ पदकं आणि पाचवा क्रमांक. २०२४ साली पॅरिसमध्ये दोन सुवर्णं, एकूण नऊ पदकं. पण त्याच पॅरिसमधली पुरुषांची तिहेरी उडी आठवा. सुवर्ण स्पेनच्या जॉर्डन दियाझला, रौप्य पोर्तुगालच्या पेद्रो पिचार्दोला, कांस्य इटलीच्या अँडी दियाझला. तिघेही क्युबात जन्मलेले, तिथेच उडी शिकलेले!

म्हणजे पोरं आजही घडतात, टिकत नाहीत.

घडतात कशी, तर १९६१ साली सरकारने खेळांसाठी 'इंदेर' ही संस्था काढली. थोड्याच काळात व्यावसायिक खेळ बंद केला आणि आपल्या क्रीडा प्रबोधिनीसारख्या निवासी शाळा प्रांतोप्रांती उभ्या केल्या. लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्याएवढी. त्यातून स्टीव्हन्सन आणि सावोन यांनी मुष्टियुद्धात प्रत्येकी तीन सुवर्णं मारली. हाविएर सोतोमायोरची १९९३ मधली २.४५ मीटरची उंच उडी अजून कुणाला ओलांडता आलेली नाही. (आपल्या मुष्टियोद्ध्यांना घडवणारे, २०१२ चे द्रोणाचार्य बी. आय. फर्नांडिस हेही क्युबाचेच.)

बार्सिलोनाचं पीक आलं तेव्हा सोव्हिएत मदत आटली होती. पेरणी आधीची होती. पुढे पैसा नाही, आणि बाहेर जाऊन कमवायची सोयही नाही. मुष्टियोद्ध्यांना व्यावसायिक लढतींची परवानगी मिळाली ती थेट २०२२ मध्ये. एवढा उशीर कशासाठी केला, हे मला तरी समजत नाही.

मी कोल्हापूरचा, तेव्हा कुस्तीशिवाय पत्र पुरं व्हायचं नाही. पॅरिसमध्ये ग्रीको-रोमनच्या अंतिम लढतीत क्युबाच्या ४१ वर्षांच्या मिहाईन लोपेझसमोर होता चिलीचा यास्मानी अकोस्ता. तोही मूळचा क्युबाचा, एकेकाळचा लोपेझचा सरावातला जोडीदार. लोपेझ असेतोवर आपला नंबर लागत नाही हे ओळखून २०१५ मध्ये चिलीतल्या स्पर्धेला गेला, तो तिथेच राहिला. लोपेझने ६-० ने कुस्ती मारली, सलग पाचवं सुवर्ण घेतलं आणि बूट काढून मॅटवर ठेवले. सगळं स्टेडियम उभं राहिलं. अकोस्ताचं रौप्य चिलीच्या खात्यात जमा झालं.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर