आमच्या ठेवींच्या निधीचं काय झालं? सहकारमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. सहकारमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400 032

विषय: पतसंस्थांतील ठेवीदारांसाठी जाहीर केलेला स्थिरीकरण व तरलता सहाय्य निधी

महोदय,

सविनय नमस्कार.

आमच्या पतसंस्थेच्या बंद शटरवर गेल्या आठवड्यात अवसायकांची, म्हणजे बुडालेली संस्था गुंडाळून देणी फेडायला नेमलेल्या अधिकाऱ्यांची, नोटीस लागली. ठेवीदारांनी मूळ पावत्यांसह दावे दाखल करावेत, कर्जवसुली आणि मालमत्तेची विक्री होईल तसतशी रक्कम देण्यात येईल, असं त्यात म्हटलं आहे. कधी आणि किती, ते नाही. आपल्या खात्याने पतसंस्थांच्या ठेवीदारांसाठी जो निधी उभारायचं कबूल केलं होतं, त्याचा तर त्या कागदावर उल्लेखही नाही. म्हणून आपल्याला लिहिते आहे.

मी भांडुपला राहते, घरून जेवणाचे डबे देते. माझे यजमान मस्जिद बंदरला माथाडी कामगार होते. ते गेल्यावर त्यांची ग्रॅच्युइटी आणि फंड हातात आला, त्यातले चार लाख मी या पतसंस्थेत मुदत ठेवीला टाकले. शिवाय रोज दीडशे रुपयांची पिग्मी चालू होती. आता जो भेटतो तो विचारतो, बँकेत का नाही ठेवलेस? साहेब, सकाळी पाचला कणीक तिंबायला घेतली की माझी पाठ टेकते ती दुपारी चारला. तोवर बँकेचं काउंटर बंद व्हायला आलेलं असतं. पतसंस्थेचा माणूस संध्याकाळी दारात यायचा. मुलीची फी भरायला अडलं तर सोनं ठेवून त्याच दिवशी पैसे हातात पडायचे. संचालक आमच्याच तालुक्याचे, गावच्या जत्रेत वर्गणीदारांच्या यादीत पहिली नावं त्यांची. आणि काउंटरच्या मागे भिंतीवर फ्रेम लावलेली होती: लेखापरीक्षण वर्ग 'अ'. तो 'अ' मी दिलेला नव्हता. तुमच्या खात्याच्या पॅनेलवरच्या लेखापरीक्षकाने दिला होता. मी त्या अक्षरावर विश्वास ठेवला.

सहकारी बँकेत पैसे असते तर रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाने पाच लाखांपर्यंतची रक्कम दिली असती. हा विमा 1962 पासून आहे. 1960 मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, तेव्हा कुठे सरकारला जाग आली. सुरुवातीला संरक्षण होतं दीड हजारांचं. 1993 मध्ये ते एक लाख झालं, मग सत्तावीस वर्षं तिथेच थांबलं. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, पहिल्या दिवशी लोकांना फक्त एक हजार रुपये काढायची परवानगी मिळाली, मुंबईत माणसं रस्त्यावर उतरली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये एक लाखाचे पाच लाख झाले. 2021 मध्ये कायदा बदलून बँकेवर निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याची रक्कम द्यायची तरतूद झाली. या विम्याचा हप्ता बँका भरतात, शंभर रुपये ठेवीमागे वर्षाला 12 पैशांपर्यंत, आणि तो ठेवीदाराकडून घेता येत नाही.

पतसंस्थेचा ठेवीदार यात कुठेच बसत नाही. बँकेतला पैसा तो पैसा आणि डबेवाली, भाजीवाली, वॉचमन यांनी पोटाला चिमटा घेऊन पिग्मीत टाकलेला पैसा कोण?

हे तुमच्या खात्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच सहकार कायद्यात कलम 144 च्या पुढे नवीन प्रकरण जोडलं गेलं आणि त्यात हा निधी आला. पतसंस्थांनी शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला दहा पैसे भरायचे आणि त्यातून एक लाखापर्यंतच्या ठेवीला आधार द्यायचा, असं आम्हाला सांगण्यात आलं. आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेतही व्यासपीठावरून हेच सांगितलं गेलं: आता काळजी नको, सरकार निधी करतंय. माझ्या शेजारच्या वहिनींनी त्याच भरवशावर मोडायला काढलेली ठेव पुन्हा फिरवली. तेव्हा तुमच्या घोषणेने आमचं नुकसान थांबलं नाही, वाढलं. ठेवीदाराला आधार देतो म्हणायचं, त्या शब्दावर त्याचा पैसा आत अडकू द्यायचा आणि संस्था बुडाली की त्याला अवसायकाच्या दारात उभं करायचं, याला मी फसवणूक म्हणते.

आमच्या ठेवीदार समितीत एक निवृत्त बँक कर्मचारी आहेत. गणेश मंडळाच्या खोलीत बसून त्यांनी आम्हाला हिशेब मांडून दाखवला. धरा, एका पतसंस्थेत एक लाखाच्या आतली देणी पन्नास कोटींची आहेत आणि ती बुडाली. दहा पैशांच्या दराने पन्नास कोटी एका वर्षात जमवायचे तर पन्नास हजार कोटींच्या ठेवींवरची वर्गणी लागेल. म्हणजे नुसत्या वर्गणीवर हा निधी उभा राहायला वर्षानुवर्षं जाणार. तोवर जे बुडतील त्यांचं काय? सरकारने सुरुवातीला स्वतःचे पैसे घातल्याशिवाय हा निधी कागदावरच राहणार, हे चाळीतल्या माणसांना अर्ध्या तासात कळलं. ते तुमच्या सचिवांना कळत नाही, असं मी मानत नाही.

समितीतल्या त्या निवृत्त कर्मचाऱ्यांनीच आम्हाला बाहेरच्या देशांतलंही सांगितलं. अमेरिकेत ओहायो राज्यात बचत संस्थांनी मिळून असाच वर्गणीचा हमी निधी केला होता. 1985 मध्ये सिनसिनाटीची एक मोठी संस्था फ्लोरिडातल्या रोखे व्यवहारात बुडाली आणि त्या एकाच संस्थेचा तोटा संपूर्ण निधीला पुरून उरला. निधी संपल्याचं कळताच लोक बाकीच्या धडधाकट संस्थांपुढेही रांगा लावून बसले आणि गव्हर्नरला सत्तरेक संस्थांना टाळं लावावं लागलं. त्याच वर्षी मेरीलँडमध्ये तेच झालं. ऱ्होड आयलंडमध्ये 1 जानेवारी 1991 ला नव्या गव्हर्नरने शपथ घेतली आणि त्याच दिवशी 45 पतसंस्था आणि बँका बंद केल्या, कारण त्यांचा हमी निधी रिकामा झाला होता. तिथे शेवटी राज्य सरकारने रोखे काढून ठेवीदारांचे पैसे फेडले. जर्मनीत मात्र सहकारी बँकांचा असाच निधी 1934 पासून चालू आहे आणि तेव्हापासून एकाही ठेवीदाराचा पैसा बुडालेला नाही, असं तिथला महासंघ सांगतो. कारण तिथे निधीला आत शिरायचा अधिकार आहे. ज्या बँकेचा कारभार घसरतो तिची वर्गणी वाढते, निधीची माणसं वेळीच तिचे कागद तपासतात आणि बुडायच्या आधी तिला सावरतात. वर्गणी गोळा करायची आणि वही कोणी उघडायची नाही, असा निधी म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणं आहे.

आमच्या पतसंस्थेची वही वेळेत उघडली असती तर एकाच पत्त्यावरच्या माणसांना दिलेली मोठमोठी कर्जं दिसली असती. थकलेल्या कर्जाला नवं कर्ज देऊन जुनं फिटल्याचं दाखवलेलं दिसलं असतं. हे आता चौकशीत निघालंय. मग 'अ' वर्ग देणाऱ्याने काय तपासलं? त्याची फी त्याच संस्थेने दिली, त्याची निवड त्याच संस्थेच्या सभेने केली. हा नियम तुमचाच आहे.

आता माझ्या दाव्याचं ऐका. पिग्मीवाला मशीनवर पावती काढून द्यायचा. गुळगुळीत कागदाची, बोटभर रुंदीची. मी त्या सगळ्या पिठाच्या डब्यावरच्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या. दावा भरायला पेटी उघडली तर निम्म्याहून जास्त पावत्या कोऱ्या. शाई उडालेली, उजेडात तिरपं धरलं तर एखादा आकडा दिसतो, तारीख दिसत नाही. पासबुकात शेवटची नोंद कित्येक महिन्यांपूर्वीची, कारण एजंट म्हणायचा, ताई, एकदम भरून देतो. मी ते सगळं घेऊन अवसायकांच्या कार्यालयात गेले. तिथल्या माणसाने पावत्या हातातही घेतल्या नाहीत. मूळ पावतीवर अक्षर दिसत नाही तर दावा धरता येणार नाही, असं तोंडी सांगितलं. लेखी द्या म्हटलं तर टोकन घेऊन पुन्हा रांगेत बसायला लावलं. पतसंस्थेच्या संगणकात माझ्या रोजच्या दीडशे रुपयांची नोंद आहे. तो संगणक आज प्रशासनाच्या ताब्यात आहे. तरी पुरावा मीच आणायचा!

मुलगी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या वर्षाच्या फीसाठी मी बचत गटातून कर्ज काढलं, त्याचा हप्ता आठवड्याला जातो. स्वतःचे चार लाख असताना मी व्याज भरते आहे. माझं बीपी वाढलंय, डॉक्टर म्हणतात चिंता करू नका. रात्री झोप लागत नाही, साहेब. यजमानांनी पाठीवर पोती वाहून मिळवलेला पैसा माझ्या हातून गेला, हे मी सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

आणि वर आम्हाला ऐकवतात की तुम्ही सभासद आहात, म्हणजे संस्थेचे मालक आहात, तोटाही तुमचाच. खातं उघडताना काउंटरवर माझी एका फॉर्मवर सही घेतली, ती नाममात्र सभासदाची. कायद्याने नाममात्र सभासदाला मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, कारभारात वाटा नाही. संचालक निवडायला मी चालत नाही, त्यांनी बुडवलेलं भरायला मात्र चालते. पगारदार नोकरांच्या पतसंस्थेचं बरं आहे, कर्जाचा हप्ता पगारातून परस्पर कापला जातो. आमच्यासारख्यांच्या पतसंस्थेतून कर्ज घेणारे मोठे लोक वसुलीचा दाखला निघाला तरी वर्षानुवर्षं तारखा घेतात.

संस्थेचं नुकसान कोणी केलं ते ठरवायला संचालकांवर सहकार कायद्याच्या कलम 88 ची चौकशी बसते. ती चालते, लांबते, जबाबदारी निश्चित होते आणि मग कोणीतरी वर जाऊन स्थगिती आणतं. ठेवीदारांच्या संरक्षणाचा 1999 चा कायदा आहे, मालमत्ता जप्त होतात, पण त्या विकून पैसा हातात येईपर्यंत म्हातारी माणसं निघून जातात. आमच्या समितीतले दोघं गेले. प्रत्येक कायदा आमच्या नावाने केलेला आहे आणि त्यातल्या प्रत्येकाची पळवाट त्यांच्या कामाची आहे. निवडणूक आली की हेच संचालक तुमच्या सगळ्यांच्या पक्षांची सतरंजी घालायला पुढे असतात. एका पक्षाचं मी बोलत नाही, सगळ्यांना सांगते. सहकारातून आमदार झाले, साखर कारखाने झाले, बँका झाल्या. आमच्यासारख्यांच्या घामावर हे सगळं उभं राहिलं आणि आमच्यावर वेळ आली तेव्हा सगळ्यांनी हात वर केले.

मला सहानुभूती नको. त्या निधीत आजपर्यंत किती पतसंस्थांनी किती रुपये भरले आणि त्यातून किती ठेवीदारांना किती दिले, तो आकडा जिल्हावार जाहीर करा. शासनाने स्वतःचे किती घातले, तेही सांगा. आमच्या पतसंस्थेचे एक लाखाच्या आतले सगळे ठेवीदार आधी मोकळे करा आणि तो पैसा संचालकांकडून तुम्ही वसूल करत बसा. पिग्मीचा दावा संस्थेच्या संगणकातल्या नोंदीवरून धरावा, असा लेखी आदेश काढा. यापुढे रोजच्या भरण्याचा मेसेज ठेवीदाराच्या मोबाईलवर आल्याशिवाय एकाही पतसंस्थेला पिग्मी गोळा करू देऊ नका. आणि लेखापरीक्षक संस्थेने निवडायचा नियम बदला, तो निधीने नेमावा.

शेवटचं. संचालकांचे अपिलाचे आणि पुनरीक्षणाचे अर्ज तुमच्याच दालनात येतात. आमच्या संचालकांचा असा अर्ज तुमच्यापुढे आला आहे का आणि त्यावर स्थगिती दिली आहे का, याचं उत्तर मला लेखी हवं आहे. सुनावणी लागली तर ठेवीदार समितीलाही नोटीस काढा, आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका.

आपली,
एक ठेवीदार, भांडुप
(ठेवीदार समितीच्या सगळ्यांच्या संमतीने)