राजीनामा दिलाय, पण पत्र शेवटपर्यंत वाचा

पुणे,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

पाकीट बघून घाबरू नका. आम्ही सगळे बरे आहोत. ओवीची सहामाही झाली, नितीनचा खोकला गेला. फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबा ‘बरं’ एवढंच म्हणतात आणि फोन आईकडे देतात, मग मला रडू येतं आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहिते आहे. आई, तूच मोठ्यानं वाच. बाबांनी चष्म्याचा नंबर अजून बदललेला नसणार.

बाबा, मी बँकेचा राजीनामा दिला. 14 ऑगस्टला दिला. तीन महिन्यांची नोटीस गेल्या आठवड्यात संपली आणि 1 डिसेंबरला मी दुसऱ्या बँकेत रुजू होते आहे. गौरींना घरी आले तेव्हा राजीनामा देऊन सतरा दिवस झाले होते. पुरणाचा घास घशाखाली उतरत नव्हता आणि आई म्हणत होती, ‘किती वाळलीस गं’. दिवाळीतही बोलले नाही. जुलैत बाबा आयसीयूत होते त्या आठवड्यानंतर त्यांना कसलाही धक्का द्यायचा नाही, असं मी आणि दादानं ठरवलं होतं. दादाला माहीत होतं, त्याच्यावर चिडू नका.

बाबा, तुम्ही लगेच पेन्शनचं विचाराल. तुमच्यासारखं पेन्शन मला तसंही नव्हतं. 1 एप्रिल 2010 नंतर सरकारी बँकेत लागलेल्या सगळ्यांना एनपीएसच आहे, म्हणजे बाजाराशी जोडलेली पेन्शन योजना, आणि ते खातं माझ्याबरोबर नव्या बँकेत येतं. तेरा वर्षांची ग्रॅच्युइटी मिळते आहे, रजेचेही पैसे मिळणार आहेत. पगार थोडा वाढतोय. नितीनची नोकरी आहे. घराचे हप्ते चुकणार नाहीत. हे सगळं मी कागदावर तीन वेळा मांडून पाहिलं, तुमच्या पद्धतीनं, उजवीकडे जमा आणि डावीकडे नावे.

नवी बँक ही स्मॉल फायनान्स बँक आहे, म्हणजे मुख्यतः लहान कर्जदारांसाठीची बँक. तिची पाटी तुम्ही सांगलीत विश्रामबागच्या चौकात बघितली आहे आणि ‘ही कुठली नवी?’ असं विचारलंही होतंत. रिझर्व्ह बँकेनं 2015 मध्ये दहा संस्थांना अशा बँकेसाठी तत्त्वतः मंजुरी दिली, तेव्हापासून हा वर्ग सुरू झाला. पतसंस्था नाही, मल्टिस्टेट नाही, चिटफंड तर नाहीच. रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे, ठेवींना विमा आहे. यंदाच्या ऑगस्टमध्ये त्यांतल्या एयू या बँकेला पूर्ण बँक व्हायची तत्त्वतः मंजुरीही मिळाली. सुमामावशीचे पैसे अडकले त्या जागेशी याचा काही संबंध लावू नका. मला माहीत आहे, तुमच्या डोक्यात पहिलं तेच येणार.

पण बाबा, खरं कारण पगार नाही. तुम्ही 1974 साली लागलात तेव्हा बँकेचं कर्ज म्हणजे साखर कारखाना, सूतगिरणी, हळदीचे अडते. घरगुती माणसाला कर्ज हवं तर दोन जामीनदार आणि दहा हेलपाटे. आज देशातल्या बँकांच्या कर्जातला जवळजवळ तिसरा हिस्सा तुमच्या-आमच्यासारख्यांकडे आहे: घर, गाडी, शिक्षण, सोनं, कार्ड. यात सगळ्यात मोठं कर्ज घराचं. आणि तरीही सगळी घरकर्जं मिळून देशाच्या जीडीपीच्या साधारण 11% च भरतात. म्हणजे वाढायला जागा अजून खूप आहे. ती वाढ कोथरूड-बाणेरमध्ये होणार नाही, तिथल्या पगारदाराच्या मागे आधीच पाच बँका फोन घेऊन लागलेल्या असतात. वाढ होणार कुपवाडला, विट्याला, पलूसला.

कुपवाडच्या एमआयडीसीत काम करणारा टर्नर, रोख पगार, हातात स्लिप नाही. मिरजेत बॅगा शिवणारी बाई. वडापावची गाडी लावणारा. यांना माझ्या जुन्या बँकेत मी कितीदा तरी ‘आयटी रिटर्न आणा’ म्हणून परत पाठवलं. नियम तसाच होता. पण आता त्याच वडापाववाल्याच्या गाडीवर क्यूआर कोड आहे. यूपीआय 2016 मध्ये आलं आणि या ऑगस्टमध्ये एका महिन्यात 2,000 कोटींवर व्यवहार झाले. त्यातले कितीतरी असले पंधरा-वीस रुपयांचे आहेत. बाबा, त्या माणसाचा रोजचा गल्ला आता बँकेच्या खात्यात दिसतो! पावसाळ्यात किती खाली येतो, जत्रेत किती चढतो, सगळं दिसतं. तुम्ही तासगावला बेदाण्याच्या व्यापाऱ्याची पत त्याच्या गोदामात उभं राहून ओळखायचात. मला आता ते करायचं आहे, खात्याचा उतारा बघून आणि त्याच्या दारात जाऊनही. नव्या बँकेत माझ्याकडे लहान घरकर्जं असतील, आठ लाखांपासून वीस लाखांपर्यंतची.

व्याज सरकारी बँकेपेक्षा जास्त आहे, हे मी लपवत नाही. ‘मग सावकारीच ही’ असं तुम्ही म्हणाल. पण तो माणूस आज शेकडा तीननं पैसे उचलतो. दरमहा तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस. त्याला घराची कागदपत्रं तारण ठेवून, पंधरा वर्षांच्या हप्त्यांवर, नियमात बसणारं कर्ज मिळालं तर ते मला वाईट वाटत नाही.

धोका आहेच. आधीच्या तीन-चार वर्षांत सगळ्यांनीच विनातारण कर्जं सढळ हातानं वाटली, मोबाइलवर दोन मिनिटांत. शेवटी नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं अशा कर्जांवरचं जोखीमभारांकन 100 वरून 125% केलं, म्हणजे त्यासाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागू लागलं, आणि घोडं जरा आवरलं. लहान बँकांना गेल्या वर्षी मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या विनातारण कर्जांच्या, बुडीत हप्त्यांनी चांगलंच पोळलं. म्हणूनच त्या आता घर, सोनं, दुकान असं तारण असलेल्या कर्जांकडे वळत आहेत, आणि म्हणूनच त्यांना सरकारी बँकेत फायली तपासून केस पिकलेली माणसं हवी आहेत. (आई, माझे पिकलेत. गौरींना तू बघितलेस आणि बोलली नाहीस.)

आता जे लिहायला सगळ्यात जड जातंय ते. मागच्या मार्चमध्ये माझ्या शाखेत एक आजोबा आले. सहा लाखांच्या ठेवीची पावती नूतनीकरणाला आणली होती. मार्चअखेर होती, विम्याचं टार्गेट अपुरं होतं, वरून दिवसातून तीनदा फोन येत होता. त्यांना पॉलिसी दिली गेली. ती त्यांना पावतीच वाटली. या मार्चमध्ये ते दुसऱ्या हप्त्याची नोटीस घेऊन आले आणि म्हणाले, ‘ताई, हे माझ्याकडेच पैसे का मागतायत?’ पॉलिसी परत करायची मुदत केव्हाच उलटली होती. सही माझ्या टेबलावर झाली होती, बाबा. त्यांच्या शर्टाच्या खिशाला तुमच्यासारखीच दोन पेनं होती. त्या दिवसापासून मला काउंटरच्या त्या बाजूला बसवेना.

टार्गेट नव्या बँकेतही आहे, मी लहान नाही. पण माझ्याकडे फक्त कर्ज असेल, विमा विकायचा नाही, हे मी मुलाखतीतच बोलून घेतलं आहे.

मला माहीत आहे, तुम्ही म्हणाल की सरकारी बँक ती सरकारी बँक. पण 1 एप्रिल 2020 ला, ऐन लॉकडाउनमध्ये, तुमची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पुढे पाटी उतरवली तेव्हा तुम्ही मास्क लावून बघायला गेला होतात आणि घरी येऊन दोन तास कुणाशी बोलला नाहीत. 2017 मध्ये 27 सरकारी बँका होत्या, आज 12 आहेत. पुन्हा विलीनीकरणाच्या बातम्या येतात. माझं वय सदतीस, अजून तेवीस वर्षं काम करायचं आहे. तुम्हाला जी शाश्वती मिळाली ती मला तिथे दिसत नव्हती. तुमचा निर्णय चुकला असं मी चुकूनही म्हणत नाही. तुमच्या त्या नोकरीवर आम्ही दोघं शिकलो.

नोटांच्या बंडलांना स्टेपलच्या पिना असायच्या ते आठवतं? रोज शंभर बंडलं सोडून तुमची बोटं सोललेली असायची. मी वाटीत खोबरेल तेल आणि चिमूटभर हळद घेऊन बसायचे आणि एकेका बोटाला लावायचे. तुम्ही म्हणायचात, ‘मनू मॅनेजर, आज कॅश जुळली.’ मग मला खिशातून ते पितळी टोकन काढून दाखवायचात, सतरा नंबरचं, आणि सकाळी परत घेऊन जायचात, कारण ते बँकेचं होतं. मला ते टोकन कायमचं हवं होतं. 2011 ला सरकारी बँकांच्या भरतीसाठी आयबीपीएसची पहिलीच परीक्षा झाली, त्या हॉलमध्येही मला तेच आठवत होतं.

एक गोष्ट राहिली. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. जूनमध्ये माझी सांगलीची बदली आली होती. तीन वर्षं अर्ज करत होते, तीच. मी नाकारली. आई, आधी ऐकून घे. सांगलीत दोन-तीन वर्षं मिळाली असती आणि पुढच्या बढतीला पाटणा नाहीतर गुवाहाटी. ओवी तेव्हा ऐन बारावीत असती. नव्या कामात माझं घर पुण्यातच राहील, पण सांगली, मिरज, विटा हा माझाच भाग असेल. महिन्यातून दोनदा तरी यावंच लागणार आणि मुक्काम आपल्याच घरी असणार. जुलैमध्ये आयसीयूच्या बाहेर बसले होते तेव्हा वाटलं, बदली घ्यायला हवी होती. अजूनही रात्री कधीतरी वाटतं. पण तुम्हाला सोडून दिलं असं मनात आणू नका. माझी खोली तशीच ठेवा. तिथलं शिलाई मशीन मात्र हलवू नका, मी आले की हलवू.

आता कामाचं, आणि हे ऐकायचंच आहे.

बाबा, तुम्ही प्रेमानं सगळ्या ठेवी माझ्या नव्या बँकेत आणाल, तिथे व्याज जास्त आहे म्हणून. आणायच्या नाहीत. एका बँकेत एका माणसाला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच विमा आहे, 4 फेब्रुवारी 2020 पासून. म्हणून फार तर साडेचार लाखांची एक पावती ठेवा, त्यापुढे एक रुपया नाही. मुलगी तिथे आहे म्हणून विम्याची मर्यादा वाढत नाही.

डिसेंबरात मुदत संपणाऱ्या दोन पावत्यांवर आता आधीसारखा दर मिळणार नाही, आत्ताच सांगते. रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, फेब्रुवारीच्या आधी 6.5% होता, जूनमध्ये 5.5 वर आला. त्यात लोक ठेवीऐवजी म्युच्युअल फंडांत दरमहा पैसे टाकायच्या एसआयपीकडे वळले आहेत, महिन्याला 29,000 कोटींवर रक्कम तिकडे जाते. त्यामुळे बँकांना ठेवी तर हव्यातच, पण कर्जाचे दर उतरल्यावर जास्त व्याज देणं परवडत नाही. ते दोन्ही पैसे आईच्या नावानं पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. 8.2% आहे, दर तिमाहीला व्याज, माणशी 30 लाखांपर्यंत चालतं. आईच्या नावावर आजवर काहीच नाही, हे मला कधीच पटलेलं नाही.

वारसनोंद सगळ्या खात्यांना झाली आहे का ते बघा. 1 नोव्हेंबरपासून चार जणांपर्यंत नावं देता येतात. आधी एकमेकांचं, मग दादाचं, मग माझं, असं क्रमानं द्या. हयातीचा दाखला दिला ना? नसेल तर या आठवड्यात द्या. रांगेत उभं राहू नका, दादाच्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो.

आई, ऑगस्टमध्ये तो ‘मुंबई पोलीस’ म्हणणारा फोन आला होता, तसा परत आला तर एक शब्द न बोलता ठेवून दे. डिजिटल अटक असा प्रकार कायद्यात नाहीच. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. हा नंबर मी फ्रिजवर चिकटवून आले आहे, डॉक्टरांच्या नंबरच्या खाली. कुणी तुला वेड्यात काढणार नाही. बँकेतले अधिकारीही फसले आहेत.

रक्त पातळ करायची गोळी बाबांनी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. गॅसचा गिझर लावला की मोरीची खिडकी उघडी ठेवा. जिन्याला कठडा बसवायला सुतार गुरुवारी येईल, त्याचे पैसे मी दिलेत, तुम्ही परत देऊ नका. आणि आई, गुडघ्याच्या पट्ट्या कपाटात ठेवण्यासाठी घेतलेल्या नाहीत.

4 डिसेंबरला मी पहिल्या फेरीला येते आहे, गुरुवारी रात्री, दत्तजयंतीलाच. बाबा, रागावला असाल तर तेव्हा रागवा, मी ऐकून घेईन. पण फोनवर नुसतं ‘बरं’ म्हणू नका. भाकरी आणि वांग्याची भाजी कर, आई, दुसरं काही करत बसू नकोस.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, जुन्या शाखेत निरोपाला काय हवं म्हणून विचारलं, तेव्हा मी अडगळीच्या खोलीतलं एक पितळी टोकन रीतसर अर्ज करून मागून घेतलं. बेचाळीस नंबरचं आहे. येताना घेऊन येते.