पुरानंतर आमचा संग्रह सावरणाऱ्या संवर्धक ताईंस जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराचे पाणी चिपळुणातील आमच्या वाचनालयाच्या तळमजल्यात शिरले आणि तेथील लहानशा वस्तुसंग्रहालयाची कपाटे गाळासकट बुडाली. त्यानंतर आपण जे केलेत त्याबद्दल आम्ही आपले समक्ष आभार मानलेच आहेत. परंतु ज्या घराण्यांनी आपले कागद आणि वस्तू विश्वासाने या संग्रहाच्या हवाली केल्या त्यांना, तसेच आमच्यासारखेच लहान संग्रह सांभाळणाऱ्या इतर संस्थांना, संवर्धकाचे काम प्रत्यक्षात कसे चालते हे कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. आपले नाव छापू नये ही आपली इच्छा पाळली आहे.

पाणी ओसरल्यावर गावातील मुले मदतीला धावून आली. मोडी दस्तांची ओली बाडे सुटी करून इस्त्रीखाली वाळवावीत, असे त्यांच्यातील काहींचे मत होते. त्याच वेळी आपला फोन आला. कागदाला कागद चिकटला असेल तर तो ओढू नका, गाळ पुसू नका, इस्त्री किंवा शेगडी जवळ आणू नका, असे आपण बजावलेत आणि त्यामागची कारणेही सांगितलीत. दमट, उबदार हवेत भिजलेल्या कागदावर दोन दिवसांतच बुरशी धरू लागते आणि ओल्या कागदात तर स्वतःचे वजन पेलण्याचीही ताकद उरत नाही. एवढे दस्त एकाच वेळी वाळवणे कोणालाही शक्य नव्हते. म्हणून ते गोठवून वेळ मिळवायचा, हा आपला मार्ग. चिपळुणात वीज नव्हती. तेव्हा रत्नागिरीच्या एका मासळी व्यापाऱ्याने आपल्या शीतगृहाचा एक कोपरा रिकामा करून दिला आणि मेणकागदात गुंडाळलेली आमची बाडे सुरमईच्या खोक्यांशेजारी उणे अठरा अंशांवर जाऊन बसली. त्या सद्गृहस्थांचेही आम्ही ऋणी आहोत. गोठवल्याने कागद वाळत नाही, फक्त त्याची नासाडी थांबते, हे आपण आम्हांला वारंवार सांगत होता आणि म्हणूनच पुढचे कित्येक महिने थोडे थोडे दस्त बाहेर काढून काम करता आले.

मोडी दस्तांची शाई काजळी आणि डिंकाची. काजळी उन्हाने उडत नाही, पण डिंक पाण्याने सैल होतो, आणि अशा वेळी नुसते बोट फिरले तरी ओळच्या ओळ पुसली जाते. त्यामुळे गाळ पूर्ण वाळेपर्यंत आपण त्याला हात लावू दिला नाहीत. वाळल्यावर मात्र मऊ कुंचल्याने तो कणाकणाने उतरवलात. फाटलेल्या कडांना जपानी कागदाची पातळ पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, एवढेच साहित्य आपण वापरलेत. आमच्याकडे पूर्वापार पुस्तके बांधणारे कारागीर कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. आपण ते घालू दिले नाहीत, कारण त्यातील तांबे कालांतराने कागदच खाते. स्टार्चची खळ पाण्याने पुन्हा सुटते आणि उद्या कोणाला अधिक चांगला उपाय सापडला तर आज केलेले काम काढून टाकता आले पाहिजे, हे आपले तत्त्व आम्ही आता आमच्या संग्रहाच्या नियमावलीतच लिहून ठेवले आहे.

आमची सर्वांत मोठी काळजी होती सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या जुन्या संचाची. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा, म्हणजे एकूण एकशे वीस गोल पाने. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या कापडाची, वर रंग आणि लाखेचा हात दिलेली. पाण्याने थर फुगले होते, लाख दुधाळ झाली होती आणि पानांच्या चळती एकमेकांना घट्ट चिकटल्या होत्या. ही पाने गोठवायची नाहीत, असे आपण पहिल्याच फोनवर सांगितलेत. ती सावलीत, झाकणाखाली, अगदी सावकाश वाळवलीत. मग भिंगाखाली, स्वतः तासून घेतलेल्या बांबूच्या पातळ कामटीने, एकेक पान सोडवलेत. कूर्माच्या राजाचे पान सोडवताना आम्ही शेजारी बसलो होतो. राजाच्या पिवळ्या वस्त्रावरचा नखाएवढा पापुद्रा उचलला गेला आणि आपला हात तिथल्या तिथे थांबला. चार केसांच्या कुंचल्याने त्या पापुद्र्याखाली चिकटद्रव्याचा अगदी लहान थेंब सोडून, वर सिलिकॉनचा कागद ठेवून, बोटाच्या टोकाने तो जागेवर बसेपर्यंत आपण एक शब्दही बोलला नाहीत. त्या एका पानावर सकाळ गेली.

काही पानांवरील चेहरे कायमचे गेले. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवणारे चितारी आहेत. त्यांच्याकडून हे चेहरे नव्याने काढून घ्यावेत, म्हणजे संच पूर्ण दिसेल, अशी सूचना आमच्या बैठकीत झाली. आपण ती शांतपणे ऐकून घेतलीत आणि नाकारलीत. त्या चिताऱ्यांकडून संपूर्ण नवा संच करवून घ्या, मुलांना तो हातात घेऊन खेळू द्या, म्हणजे त्यांच्या कलेलाही काम मिळेल. पण जुन्या पानांवर आज काढलेला चेहरा उद्याच्या अभ्यासकाला जुना वाटेल, आणि तशी फसवणूक या संग्रहाकडून होऊ नये, असे आपले म्हणणे होते. तेव्हा काही सदस्य नाराज झाले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. आज नवा संच वाचनालयात आहे आणि जुनी पाने, जशी उरली तशी, त्याच्याशेजारी आहेत. हा निर्णय बरोबर होता, असे सर्वच सदस्य आता मानतात.

उरलेल्या पानांना चकाकी यावी म्हणून व्हार्निशचा हात देण्याचा विषय निघाला, तेव्हा आपण अजिंठ्याचा दाखला दिलात. निजामाच्या राजवटीत १९२० ते १९२२ या काळात चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी तेथील भित्तिचित्रांचा सुटू लागलेला गिलावा पक्का केला, हे त्यांचे उपकारच. परंतु चित्रांवर दिलेला शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या व्हार्निशचा, थर पुढे पिवळा पडून काळवंडला आणि तो काढण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना वर्षानुवर्षे खपावे लागले. त्यांच्या काळातील उत्तम माणसांनी उत्तम हेतूने केलेले काम होते ते, असे आपण आवर्जून म्हणालात. पूर्वसुरींविषयीचा हा आदर आम्हांला फार भावला.

धातूच्या वस्तूंचे काम त्या मानाने लवकर आटोपले. मात्र जुन्या पितळी मूर्ती चिंचेने लख्ख घासण्याची प्रथा आपण बंद केलीत, तेही बरेच झाले.

प्रत्येक वस्तूची स्थितिनोंद आपण तयार करून दिली आहे. तिरप्या प्रकाशात काढलेली छायाचित्रे, कोणत्या कोपऱ्यात कोणते चिकटद्रव्य वापरले, कोणता डाग मुद्दाम ठेवला आणि का, हे सारे त्यात आहे. आमच्या मते आपली सर्वांत मोठी देणगी हीच. एवढे काम केल्यावर त्याची सही वस्तूवर कोठेही दिसू नये आणि कागदोपत्री मात्र त्याचा हिशेब पूर्ण असावा, ही शिस्त आम्ही अन्य कोणत्याही क्षेत्रात क्वचितच पाहिली आहे.

संग्रह आता पहिल्या मजल्यावर हलवला आहे. प्रत्येक कपाटात आर्द्रतामापक आहे आणि काटा ६५ टक्क्यांच्या वर गेला की काय करायचे ते दोन्ही सेविकांना पाठ आहे. कोकणात जून ते सप्टेंबर तो किती वेळा वर जातो, हे आपल्याला सांगायला नको. डांबराच्या गोळ्या काढून टाकल्या असून कसर आणि झुरळांसाठी चिकट सापळे लावले आहेत. गंजिफेची मोजकीच पाने, ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजण्याचे एकक) आत, मंद उजेडात, आळीपाळीने दर्शनी ठेवली जातात. खिडक्यांचे पडदे गावातील महिला बचत गटाने शिवून दिले.

अशा कामाचे मोल पैशात होत नाही, असे म्हणून ते फुकट करून घेण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती आम्हांला मान्य नाही. म्हणून यंदाच्या अंदाजपत्रकात आम्ही संवर्धनासाठी स्वतंत्र तरतूद केली आहे आणि आपल्या सूचनेप्रमाणे एका सेविकेला प्रशिक्षणासाठी पाठवण्याचे ठरवले आहे. शीतगृहातून आणलेले शेवटचे बाड अद्याप उलगडायचे आहे. ते आपल्याच देखरेखीखाली उलगडावे, अशी कार्यकारी मंडळाची विनंती आहे. सवडीची तारीख कळवावी. राहण्याची आणि प्रवासाची व्यवस्था वाचनालय करील.

आपला कृतज्ञ,
कार्यवाह
(वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या वतीने)