स्ट्राइकआउटच्या यादीत इनिंगही छापाव्यात

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या 2024 च्या हंगामात सर्वाधिक स्ट्राइकआउट (बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद करणे) मिळवणाऱ्या पिचर्सची (चेंडू टाकणाऱ्यांची) यादी आपल्या क्रीडापानावर वाचून आनंद झाला, कारण या खेळाला मराठी वृत्तपत्रांत एवढी जागा क्वचितच मिळते. मात्र त्या यादीत नाव, संघ आणि स्ट्राइकआउटची संख्या एवढेच होते. तेवढ्यावरून पिचरची पारख होत नाही, हे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

डेट्रॉइट टायगर्सचा तारिक स्कुबल 228 स्ट्राइकआउटसह पहिला आणि अटलांटा ब्रेव्हजचा ख्रिस सेल 225 सह दुसरा आला. परंतु स्कुबलने त्यासाठी 192 इनिंग (एका इनिंगमध्ये प्रतिस्पर्धी संघाचे तीन बॅटर बाद करायचे असतात) टाकल्या होत्या, तर सेलने जेमतेम 178. नऊ इनिंगच्या एका सामन्याच्या हिशेबाने स्कुबलचे 10.7 आणि सेलचे 11.4 स्ट्राइकआउट होतात. दोघांनीही त्या वर्षी आपापल्या लीगचा (मेजर लीगमध्ये अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग आहेत) सर्वोत्तम पिचरसाठीचा साय यंग पुरस्कार मिळवला, त्यामुळे येथे कोणाला कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. क्रिकेटमधील गोलंदाजांचे बळी आपण षटकांशिवाय कधी छापत नाही. तोच न्याय पिचरलाही लावावा.

जुन्या विक्रमांच्या बाबतीत तर ही उणीव अधिकच दिशाभूल करते. मॅट किलरॉयच्या नावावर 1886 मधील 513 स्ट्राइकआउट आहेत, पण ते 583 इनिंगमधले, आणि पिचर आजच्या 60 फूट 6 इंचांपेक्षा बराच जवळून चेंडू टाकत असे, त्या काळातले. हे अंतर 1893 मध्ये वाढवले गेले. त्यानंतरचा उच्चांक नोलन रायनचा, 1973 मधील 383. तो त्याने 326 इनिंगमध्ये गाठला. रँडी जॉन्सनने 2001 मध्ये 372 स्ट्राइकआउट 250 हून किंचित कमी इनिंगमध्ये मिळवले, म्हणजे त्याचा वेग पुष्कळच अधिक होता. तरीही रायनचे मोल कमी होत नाही, कारण तो खेळत असलेल्या अमेरिकन लीगमध्ये 1973 सालीच पिचरऐवजी खास बॅटर उतरवण्याचा नियम आला होता, आणि हा नियम तेव्हा नसलेल्या नॅशनल लीगमध्ये जॉन्सनला मिळाले तसे फलंदाजीत कच्चे असलेले प्रतिस्पर्धी पिचर रायनच्या वाट्याला आले नाहीत. रायनने 1973 च्या हंगामात 162 वॉकही (चार चेंडू स्ट्राइकच्या कक्षेबाहेर पडल्याने बॅटरला आपोआप मिळणारा पहिला बेस) दिले, हेसुद्धा वाचकाला कळायला हवे.

नऊ इनिंगमागचे प्रमाणही पूर्णपणे निर्दोष नाही. जो पिचर अधिक हिट (बॅटरने फटका मारून बेस गाठणे) देतो, त्याला प्रत्येक इनिंगमध्ये अधिक बॅटर्सचा सामना करावा लागतो, आणि साहजिकच स्ट्राइकआउटची संधीही अधिक मिळते. म्हणून समोर आलेल्या एकूण बॅटर्सपैकी किती टक्के स्ट्राइकआउट झाले, हा आकडा मला सर्वांत विश्वसनीय वाटतो.

शालेय क्रीडा स्पर्धांत सॉफ्टबॉल आणि बेसबॉल हे दोन्ही खेळ असल्याने सोलापुरातील खेळाडू मुले-मुली अशा याद्या लक्षपूर्वक वाचतील. केवळ एकूण संख्या मोठी दिसली की कोवळ्या खांद्याने जास्तीत जास्त इनिंग टाकाव्यात, असा चुकीचा समज त्यांचा आणि त्यांच्या पालकांचा होऊ शकतो.

तरी यापुढे अशा यादीत इनिंग, वॉक आणि स्ट्राइकआउटची टक्केवारी असे तीन रकाने वाढवावेत, आणि जागा अपुरी असल्यास दहाऐवजी पाचच पिचर्सची नावे द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर