लघवी कमी झाली, हे सांगायला संकोच नको

महोदय,

गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारचे गृहस्थ दोन दिवस जुलाब-उलट्यांनी बेजार होते. अंग दुखते म्हणून त्यांनी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून घेतल्या. तिसऱ्या दिवशी रुग्णालयात डॉक्टरांनी विचारले, "लघवी शेवटची कधी झाली?" घरात कोणालाच त्याचे उत्तर देता आले नाही. मूत्रपिंडांचे काम तोवर जवळजवळ थांबले होते.

मधुमेहाने वर्षानुवर्षे किडनी झिजत जाते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण धडधाकट माणसाची किडनीही दोन-चार दिवसांत बंद पडू शकते, म्हणजेच मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते, हे फारसे कोणाला माहीत नसते. शरीरातले पाणी कमी झाले की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. तो टिकवून धरण्याची त्यांची स्वतःची एक सोय असते आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच सोय हिरावून घेतात. पावसाळ्यात लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा तापाचा आजार) आणि मलेरिया, शेतात घोणसाचा दंश, हीदेखील आपल्याकडची नेहमीची कारणे आहेत. सुरुवातीला वेदना होत नाहीत, त्यामुळे लघवीचे घटलेले प्रमाण हीच घरच्यांना दिसू शकणारी खूण ठरते. मात्र हा विषय बोलायचा नाही, अशी आपली रीत आहे; शौचालयाच्या अभावी दिवसभर पाणी टाळणाऱ्या शेतमजूर बायका तर तो कोणापाशी काढतच नाहीत.

टाळता येण्याजोगा एकही मृत्यू मूत्रपिंडाच्या अशा अचानक इजेने २०२५ नंतर होऊ नये, असे उद्दिष्ट मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये ठेवले होते. ती मुदत उलटली, तरी पावसाळ्यातील आरोग्यविषयक सूचनांमध्ये लघवीचा उल्लेख क्वचितच आढळतो. आशा सेविका जुलाबाच्या रुग्णाला ओआरएसची पाकिटे देतात, तेव्हाच लघवी कधी झाली, हा प्रश्नही विचारला जावा. औषध विक्रेत्यांनीही जुलाब-उलट्या चालू असलेल्या माणसाला अशा वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत.

डायलिसिस एकदा लागले की ते जन्माचे, या भीतीने अनेक कुटुंबे नकार देतात आणि मोलाचे तास वाया जातात. अचानक झालेल्या इजेत ते पुष्कळदा काही दिवसांपुरतेच लागते. आमच्या शेजाऱ्यांचे चार वेळा डायलिसिस झाले आणि आता ते पुन्हा शेतात जातात. मात्र बरे झाल्यावरही तीन महिन्यांनी क्रिएटिनिन (मूत्रपिंडे नीट काम करतात का, हे सांगणारा रक्तातील घटक) तपासायला हवे, हे त्यांना घरी सोडताना कोणीच सांगितले नाही. निदान ही सूचना तरी डिस्चार्जच्या कागदावर मराठीत छापावी, अशी आरोग्य विभागाला विनंती आहे.

– एक वाचक, चिपळूण