उंदरावरची बातमी छापता, मग माणसांवरचा निकालही छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

'साध्या अँटिबायोटिकने मेंदूचे आजार बरे होणार' अशा बातम्या पेपरात वरचेवर येतात आणि दुपारपर्यंत फॅमिली ग्रुपवर फिरायला लागतात. आमच्या मामांना एएलएस आहे, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होण्याचा आजार, आता हातात चमचा धरवत नाही, त्यामुळे अशी बातमी आली की मामीचा लगेच फोन, "मिनोसायक्लिन चालू करूया का रे, स्वस्त आहे म्हणे".

तिची आशा खुळी नाहीये. मिनोसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी मेंदूपर्यंत पोचते, तिथली सूज कमी करते, उंदरांमध्ये फायदासुद्धा दिसला होता. पण पुढे अमेरिकेत 412 एएलएस पेशंटवर ट्रायल झाली, 2007 ला निकाल लागला आणि गोळी घेणाऱ्यांची तब्येत डमी गोळीवाल्यांपेक्षा 25 टक्के जास्त वेगाने ढासळली! म्हणजे नुसता फायदा झाला नाही असं नाही, चक्क नुकसान झालं. हे कुठल्या मराठी पेपरात ठळक वाचल्याचं मला तरी आठवत नाही.

सेफ्ट्रियाक्झोन या दुसऱ्या अँटिबायोटिकचंही तेच. 2005 मध्ये हजारेक जुनी औषधं तपासताना ते सापडलं, उंदरांवर चाललं, मग पाचशेवर एएलएस पेशंटनी छातीत कायमची नळी बसवून घेऊन रोज घरी सलाईनसारखं ते औषध किंवा डमी औषध घेतलं, महिनोन्‌महिने, आणि 2014 ला कळलं की उपयोग नाही. त्या लोकांचे खरंच उपकार आहेत. अल्झायमरसाठी ब्रिटनमध्ये 544 जणांना दोन वर्षं मिनोसायक्लिन किंवा डमी गोळी देऊन बघितली, 2020 चा निकाल, स्मरणशक्तीत काहीच फरक नाही आणि रोज 400 मिलिग्रॅमचा मोठा डोस घेणाऱ्या बहुतेकांना तर कोर्सही झेपला नाही.

संशोधन थांबवा असं मी अजिबात म्हणत नाही, जुन्या औषधाचा नवा उपयोग शोधलाच पाहिजे, सेफ्टी आधीच माहीत असते, वेळ वाचतो. पण आपल्याकडे चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देणारे केमिस्ट आहेत, महिनोन्‌महिने अशी गोळी खाल्ली तर जंतू दाद देईनासे होतात ते वेगळंच.

तेव्हा एवढंच करा, हेडिंगमध्येच लिहा की प्रयोग उंदरांवर झालाय की माणसांवर, आणि ज्या औषधाची बातमी छापली त्याची ट्रायल फसली तर तीही त्याच पानावर, तेवढ्याच जागेत छापा.

- एक वाचक, सांगली