ड्रेसिंगच्या सिस्टरांना

सिस्टर,

तुमच्या टेबलावर रोज कितीतरी पोरं रडून जातात, त्यामुळे आम्ही लक्षात असू की नाही कोण जाणे. चाकाखाली पाय येऊन घोट्यापासून बोटांपर्यंत कातडी सोलवटलेल्या ६ वर्षांच्या मुलीची मी आई.

डॉक्टरांचे आभार मानून झाले. ऑपरेशनं त्यांची, पण दोन ऑपरेशनांमधला तो न संपणारा काळ तुम्ही निभावून नेलात.

तिच्या पायाच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, उघड्या पडल्या होत्या. त्यावर मांडीची कातडी लगेच लावली तर धरत नाही, खालून रक्तच मिळत नाही. शिवाय आतला जाड थर गेलेला असताना नुसती पातळ कातडी लावली की सांध्यावर आकसते. मुलाचा पाय वाढत जातो, ती मागे राहते. म्हणून आधी पॉलियुरेथेन नावाच्या, अंगात हळूहळू विरणाऱ्या प्लॅस्टिकचा २ मिलिमीटर जाडीचा फोम आणि त्यावर पारदर्शक पडदा. डॉक्टरांनी हे नीट सांगितलं होतं, पण माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की लेकीच्या पायाला स्पंज स्टेपल केलाय.

तुम्ही मला शेजारी बसवलंत आणि पडद्यावर बोटाने हलकेच दाबलंत. जागा पांढरी पडली, बोट उचलताच पुन्हा लाल. "रक्त इथवर पोचलं बघा." फोमच्या छिद्रांतून तिच्याच रक्तवाहिन्या वर येत होत्या! त्यानंतर ड्रेसिंगच्या वेळी मी तोंड फिरवायचं सोडलं आणि रंग बघू लागले. टाचेकडचा कोपरा तेवढा बरेच दिवस फिकट, हट्टी.

पडद्याखाली पाणी साचलं तेव्हा मला वाटलं, आता सगळं काढून टाकणार. तुम्ही लगेच सर्जनना बोलावलंत. पडद्याला बारीक छेद देऊन पाणी काढलं, फोम जागचा हललासुद्धा नाही.

आणि एक. "दुखणार नाही" असं तुम्ही तिला कधीच सांगितलं नाहीत. "दुखेल, तू थांब म्हणालीस की थांबेन," म्हणायचात आणि खरंच थांबायचात, बाहेर रांग असली तरी. दुखणं कमी करणारं औषध लागू पडेपर्यंत पट्टीला हात लावायचा नाही, यावरून तुम्ही लोकांची बोलणीही खाल्लीत. मी ऐकलंय ते.

पुढे पडदा सोलून काढला, वर मांडीची पातळ कातडी लावली, ती धरली. फोम आतल्या आत विरतोय. पुरता विरायला साधारण १८ महिने लागतात म्हणे. कातडी खडबडीत आहे, तिथे घाम येत नाही, मलम चोळावं लागतं आणि घट्ट मोज्यावरून घरात रोज भांडण. पण घोटा पूर्ण वळतो. खुशाल उकिडवी बसते.

पुढच्या तपासणीला तिला तुम्हालाच पाय दाखवायचाय. तुमची ड्यूटी सकाळची असेल की दुपारची, तेवढं कळवा.

तुमच्या पेशंटची आई